बारा किलो चारशेची बचत

निव्वळ हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते गल्लीने ठेवलं, आणि माघारी इतकं वापरलं की त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी चटकन आठवलं असतं की नाही, शंकाच आहे.

ट्रकच्या वजनकाट्यावर तो बावीस वर्षं नोकरीला होता. काम काय? भरलेला ट्रक काट्यावर चढतो, एक आकडा येतो. माल उतरवून रिकामा परत येतो, दुसरा आकडा येतो. एकातून दुसरा वजा केला की मालाचं निव्वळ वजन. आकडा मशीन दाखवतं, वजाबाकी मशीन करतं, पावतीही मशीनच छापतं. ती फाडून खिडकीतून बाहेर देणं एवढंच निव्वळच्या वाट्याला यायचं. पण पावती हवी म्हणून ड्रायव्हर लोक त्याला ‘साहेब, साहेब’ करायचे, आणि बावीस वर्षं दिवसाला चाळीस वेळा साहेब ऐकलेल्या माणसाचं डोकं जागेवर राहत नाही. ते त्याचंही राहिलं नव्हतं.

जगात दोनच प्रकारची माणसं असतात असं त्याचं मत होतं. मोजणारी आणि वजन करणारी. मोजणारी म्हणजे किराणावाले, बँकेतले कारकून, बायका. एक, दोन, तीन करत बसायचं, मध्येच शिंक आली की पुन्हा एकपासून. वजन करणारा मात्र एक नजर टाकतो आणि सांगतो. “मोजण्यात चूक होते,” तो जिन्यात कुणालाही अडवून सांगायचा. “वजन खोटं बोलत नाही.”

जिन्याखाली एक शिवणवाली राहायची. तिची जीभ तिच्या कात्रीइतकीच चालायची. ती म्हणायची, “भाऊ, तुमच्या बोलण्याचं वजन केलंत का कधी? निव्वळ?”

तो वरमायचा नाही. वरमण्यासाठी आधी टोमणा कळावा लागतो.

घरात तिघं. तो, बायको आणि एकुलती मुलगी. बायको हार्डवेअरच्या दुकानाचं पॅकिंग घरी आणायची. खिळे, स्क्रू, वॉशर, नट यांची शंभर शंभरची पाकिटं करायची, आणि पाकिटामागे मिळतील ते पैसे घरखर्चात ओतायची. निव्वळ पगार आणायचा, पण त्यातून आधी ‘घरातल्या मुख्याचा खर्च’ काढून घ्यायचा. बाहेरचा चहा, न्हाव्याकडे दर आठवड्याला डोक्याची मालीश, असलं काय काय. उरलेलं तो बायकोच्या हातावर अशा ऐटीत ठेवायचा की जणू संस्थान बहाल करतोय.

मुलगी बारावी झाली आणि तिला दातांच्या कवळ्या बनवायच्या एका वर्षाच्या कोर्सला प्रवेश मिळण्यासारखा होता. चांगलं काम. बसून करायचं, स्वच्छ, आणि दात काही लोकांचे पडायचे थांबणार नाहीत. फी सोळा हजार, एकरकमी. त्या वर्षी घरात सोळाशेही नव्हते. मग ठरलं की मुलीने वर्षभर चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसावं, तिचा पगार तिच्या येण्याजाण्यात, कपड्यात आणि घरात जाईलच, पण बाकी घराने बचत शिकावी आणि पुढच्या वर्षी फी भरावी. फी चुकली तर मुलगी गल्ल्यावरच म्हातारी होणार, हे तिघांनाही माहीत होतं.

“बचत मी शिकवतो,” निव्वळ म्हणाला.

इथूनच सगळं बिघडलं.

त्याने पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा आणला, पत्र्याच्या कारागिराकडून झाकण डाख देऊन बंद करून घेतलं आणि वर एक फट पाडून घेतली. मग घरादाराला उभं करून भाषण दिलं. नोटा हलक्या असतात म्हणून उडतात. दहाचं नाणं जड. पावणेआठ ग्रॅम. त्याने काट्याजवळच्या सोनाराच्या छोट्या तराजूत वजन करून आणलं होतं म्हणे. तेव्हा घरात येणारं प्रत्येक दहाचं नाणं डब्यात. सोळाशे नाणी म्हणजे सोळा हजार. म्हणजे बारा किलो चारशे.

“म्हणजे आठवड्याला बत्तीस नाणी,” मुलगी म्हणाली.

“अडीचशे ग्रॅम!” तो कडाडला. “मोजायचं नाही म्हणून सांगितलं ना? मोजलं की मोह होतो.”

दाराच्या चौकटीला त्याने एक आकडा ठोकला आणि त्याला जुना ताणकाटा लटकवला, वर गोल तबकडी आणि खाली हूक असलेला, भंगारात निघालेला. दर रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, तो डबा त्या हुकाला टांगायचा. काटा थरथरायचा. मुलीने आणि बायकोने बाजूला उभं राहायचं. काटा स्थिर झाला की तो रिकाम्या डब्याचा एक किलो वजा करायचा आणि जिन्यात ऐकू जाईल असं ओरडायचा, “निव्वळ सातशे पन्नास!”

“अभिनंदन हो!” खालून शिवणवाली ओरडायची. “मुलगा की मुलगी?”

आता अडीचशे ग्रॅम कुठून येणार, हा प्रश्न त्याच्या अखत्यारीत नव्हता. तो वजन करणारा. पहिले दोन महिने घरातली नाणी पुरली. मग बायको किराणावाल्याकडे नोटा देऊन नाणी बदलून आणू लागली. नोटा संपल्या की किराणा उधारीवर. एकदा वीस ग्रॅम कमी भरले तेव्हा निव्वळने आठवडाभर तोंड फुगवलं आणि मुलीच्या चहातली साखर बंद केली. पुन्हा कमी भरू नये म्हणून बायकोने त्या आठवड्यात डाळ, तेल, साबण सगळंच उधारीवर आणलं आणि हातातली रोकड नाण्यांत घातली.

विसाव्या रविवारी काटा पाच किलोंवर टेकला. निव्वळ गल्लीभर फिरून आला. “पाच किलो बचत आहे आमची. तुमची किती?” कुणाची किती हे किलोत कुणाला सांगता येईना, म्हणून तो जिंकून घरी आला.

त्याच दिवशी दुपारी किराणावाल्याने बायकोला वही दाखवली. उधारी चार हजार दोनशे. डब्यात सहा हजार चारशे. ती वही बघत उभी राहिली. डबा भरत होता तो किराणावाल्याच्या पैशाने, आणि तो पैसा पत्र्याच्या पोटात झोपला होता, तर इकडे उधारीच्या मालाला किराणावाला दर किलोमागे चार पैसे चढवून लावत होता.

रात्रीची भाजी चिरताना तिने नवऱ्याला समजावून पाहिलं.

“अहो, आपण बचत करतोय की उसनं घेऊन डबा भरतोय?”

“डब्याचं वजन वाढतंय ना?”

“वाढतंय.”

“मग झालं तर,” तो म्हणाला आणि बायकांना हिशेबातलं काही कळत नाही अशी मान हलवून पेपर उघडला. दोन पेपर यायचे घरात. दुसरा बक्षिसाच्या कुपनांसाठी. बक्षीस म्हणून अकरा वर्षांत एक प्लास्टिकचा मग आला होता, तोही गळका.

तरीही त्या माऊलीने डब्याला हात लावला नसता. पण पुढच्याच आठवड्यात शिवणवालीने तिला हाक मारली.

“वहिनी, भाऊंच्या पाठीला काय झालंय?”

“काही नाही. का हो?”

“नाही, मोठ्या रस्त्यावर ते फर्निचरचं नवं दुकान निघालंय ना, तिथे रोज संध्याकाळी एका खुर्चीत पसरलेले असतात. बटण दाबलं की मागे झोपते, पाठ चोळते, अशी खुर्ची आहे. विकणारा पोरगा वैतागलाय. म्हणतो, काका रोज येतात, अर्धा तास चोळून घेतात आणि ‘नऊ किलो होऊ देत, मग बघू’ म्हणून निघून जातात.”

हे नऊ किलो कसले, हे बायकोला वेगळं सांगायला नको होतं.

इथे निव्वळला न कळलेली गोष्ट सांगूनच टाकू. गल्लीत एकट्या त्यालाच ती कळली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा काट्यावर पावत्या फाडत असताना, आणि मुलीची सुट्टी असताना, मायलेकींनी डबा आडवा केला. मुलीने फटीतून जेवणाची बोथट सुरी आत घातली. डबा जरा तिरका केला की नाणी पात्यावर येऊन झोपायची, आणि सुरी अलगद ओढली की दोनतीन बाहेर. पहिल्या दिवशी चाळीस निघाली. मुलगी दातांचं काम शिकायच्या आधीच तिचा हात बसला.

वजनाचं काय, हा प्रश्न होता. बायकोने हार्डवेअरच्या मालकाला खरंखुरं सांगितलं. मालक इतका हसला की गल्ल्यावर डोकं टेकून बसला. मग त्याने नाण्याएवढे, नाण्याच्याच वजनाचे वॉशर उसने दिले. अट एकच. काम झालं की शंभर शंभरच्या पाकिटांत परत द्यायचे, मोजून.

नाणं बाहेर, वॉशर आत. रविवारी काटा बरोबर तिथेच. निव्वळ डबा कानाशी धरून हलवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “नाण्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो.”

“बाबा, कान चांगला आहे तुमचा,” मुलगी म्हणायची आणि हसू दाबायला स्वयंपाकघरात पळायची.

निघालेल्या नाण्यांतून आधी उधारी फेडली. उरलेले बँकेत, मायलेकींच्या नावावर. मग दोघी स्क्रूची पाकिटं भरता भरता खरी बचत शिकायला लागल्या. एक महिनाभर त्यांनी घरातला प्रत्येक खर्च एका जुन्या वहीत लिहिला. तेल किती, वीज किती, औषध किती. महिन्याच्या शेवटी बेरीज केली तेव्हा घरातली सगळ्यात महाग वस्तू सापडली. ती खिडकीत बसून कान कोरत होती.

सहा शर्ट इस्त्रीवाल्याकडे, तेही कशासाठी, तर काट्यावरच्या काचेच्या खोक्यात बसण्यासाठी. दोन पेपर. केस गळू नयेत म्हणून वेगळं तेल, आणि केस उरले होते दोन्ही कानांवर मिळून मूठभर. बायकोने एकेक गोष्ट हळूच काढली. इस्त्रीवाला बंद, शर्ट नीट घडी करून गादीखाली. कुपनाचा पेपर बंद. “छपाई थांबली म्हणे,” एवढं तिने सांगितलं, आणि जगातला हा बदल त्याने गंभीरपणे मान्य केला. तेलाच्या बाटलीत साधं तेल. दोन महिन्यांनी तो आरशात बघून म्हणाला, “फरक पडतोय बघ.” किराणा महिन्याच्या सुरुवातीला, रोखीने, शिवणवालीबरोबर वाटून. पॅकिंग दुप्पट, कारण आता मुलगी संध्याकाळी हाताशी होती. ठरलेल्या पैशातून ठरलेलं भागवायचं, आणि बँकेत आधी भरायचं, उरलं तर भरू असं नाही, हे त्या दोघींना चार महिन्यांत जमलं. तो मात्र रविवारी उठून किलो सांगत राहिला.

नऊ किलो झाले. दहा झाले. खुर्ची काही त्याच्या डोक्यातून गेली नाही, उलट तिथेच पाठ चोळत बसली. मुलीच्या फीबद्दल तो हळूहळू वेगळं बोलायला लागला.

“यंदाच कशाला? चपलांच्या दुकानात चांगलं बस्तान बसलंय पोरीचं.”

“फी जूनच्या पाच तारखेपर्यंत भरायची आहे, बाबा.”

“तारखा काय, दरवर्षी येतात. पाठ एकच असते माणसाला.”

बायको शेंगा सोलल्यासारखी नट सोलत होती, म्हणजे भिजलेल्या पाकिटांतून काढून कोरड्यांत टाकत होती. तिने वर पाहिलं नाही. “कुणाची पाठ?” एवढंच विचारलं.

“मी आपलं सर्वसाधारण बोललो,” निव्वळ म्हणाला.

जूनच्या एक तारखेला, गुरुवारी, त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. डबा अकरा किलो नऊशेवर होता. बायको पाकिटं पोचवायला गेलेली, मुलगी दुकानात. डब्याला त्याने चादरीत गुंडाळलं, कडेवर मूल घ्यावं तसं घेतलं, आणि रिक्षा केली. वाटेत त्याला जराही वाईट वाटलं नाही. उलट, एवढी शिस्त या घराला लावली ती कुणी? मग पहिला हक्क कुणाचा? असं तो स्वतःलाच विचारत होता आणि स्वतःच टाळ्या वाजवत होता.

खुर्ची रोखीने अकरा हजार पाचशे. ‘आज घेऊनच जातो’ हे ऐकून विकणाऱ्या पोराने जन्मात पहिल्यांदा त्याच्यासाठी चहा मागवला.

“रोख आणलेत का काका?”

“रोख?” निव्वळने डबा काचेच्या काउंटरवर आदळला. “अकरा किलो नऊशे आहे. पंधरा हजारांच्या वर. छिन्नी आण.”

छिन्नी आणली. डाख तोडला. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला जमली, तेव्हा त्याने मुद्दाम बाह्या सारख्या केल्या. मग डबा उपडा केला.

काचेवर वॉशर घरंगळले. शेकड्यांनी. मधल्या भोकांतून काउंटरखालचे उशांचे अभ्रे दिसत होते.

“काका,” पोरगा हळूच म्हणाला, “हे हार्डवेअर आहे.”

निव्वळने एक वॉशर उचलला, उलटा केला. दुसरा उचलला. ढिगात हात घालून ढवळलं. खरी नाणी होती, अधूनमधून, एकतीस. तोंडून जे आलं ते बावीस वर्षांच्या सवयीने आलं.

“वजन बरोबर आहे!” तो ओरडला. “मी स्वतः केलंय! दर रविवारी!”

कुणीतरी हसलं. त्याने एकतीस नाणी वेचून खिशात कोंबली आणि डबा, चादर, वॉशर सगळं तिथेच टाकून तरातरा बाहेर पडला.

घरी येताना त्याने युक्ती काढली. डबा दुकानात फोडला हे सांगायची सोय नव्हती, तेव्हा डबा चोरीला गेला. बायको घरी आली तेव्हा तो खुर्चीत, साध्या लाकडी खुर्चीत, डोकं धरून बसला होता.

“घात झाला. डबा नेला चोरांनी.”

मुलगी आली. शिवणवालीही आली, तिला बोलवायला लागत नाही.

“दोघे होते,” निव्वळ सांगू लागला. “एक उंच. एकाला मिशी.”

“तुम्ही पाहिलंत?” बायकोने विचारलं.

“पाठमोरे.”

“मग मिशी कशी दिसली हो भाऊ?” शिवणवाली म्हणाली.

“मोठी होती! दोन्हीकडून दिसत होती!”

“कुलूप तर शाबूत आहे,” मुलगी म्हणाली.

“किल्ली होती त्यांच्याकडे. सराईत असतात.”

“मग पोलिसांत जाऊ,” बायको म्हणाली आणि पदर सारखा केला. “चला. मिशीचं वर्णन तुम्हीच द्या.”

“नको नको! पोलीस म्हणजे नसती कटकट. मुलीच्या फीचं मात्र वाईट झालं.” त्याने डोळ्यांना हात लावला. “माझं बघू नका, मी सोसेन. पोरीसाठी जीव तुटतो.”

हे तो म्हणतोय तोच जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. टेम्पोवाला. खांद्यावर तेलाचा डबा, त्यावर यांच्याच घरची निळ्या फुलांची चादर.

“काटेवाले साहेब इथेच राहतात ना? हे तुमचं फर्निचरच्या दुकानात राहिलं. मालक म्हणाले, आमच्या काउंटरला चरे पडलेत ते सोडा, पण लोखंड घेऊन जा.” त्याने डबा धप्पकन खाली ठेवला. “भाडं चाळीस.”

सगळ्यांनी निव्वळकडे पाहिलं. निव्वळने छताकडे पाहिलं.

“हाच का तो मिशीवाला?” शिवणवालीने टेम्पोवाल्याकडे बोट केलं. टेम्पोवाल्याला मिशीच नव्हती.

“भाडं साहेब देतील,” बायको म्हणाली.

निव्वळने खिशात हात घातला. खिसा इतका फुगला होता की हात जाईना. दहाची चार नाणी निघाली. टेम्पोवाला गेल्यावर बायकोने तळहात पुढे केला.

“एकतीस ठेवली होती मी. तळाशी आवाजापुरती. सत्तावीस इकडे द्या.”

त्याने दिली. मग तोंड वर आलं. “म्हणजे तुम्ही... माझ्या घरात, माझ्या डब्यात... आणि फीचं काय?”

मुलीने दाराच्या चौकटीकडे बोट केलं. ताणकाट्याच्या हुकाला एक कागद अडकवलेला होता. रविवारच्या वजनासाठी मायलेकींनी तो सकाळीच टांगून ठेवला होता. खाली मान घालून डबा पळवताना त्याला तो दिसला नव्हता. सोळा हजारांची पावती, शिक्क्यासकट, तारीख सोमवारची. तबकडीवरचा काटा शून्यावर होता.

“मला कुणी सांगितलं नाही,” निव्वळ म्हणाला.

“रविवारी सांगणार होतो,” मुलगी म्हणाली. “वजन झाल्यावर.”

त्याला अजून काही म्हणायचं होतं, पण बायकोने चादर जमिनीवर पसरली, डबा उपडा केला आणि रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा त्याच्या मांडीवर टाकला.

“हे मालकाचे आहेत. दीड हजाराच्या आसपास. शंभर शंभरची पाकिटं करायची, उद्या सकाळी परत जायची आहेत. आम्हाला स्वयंपाक आहे.”

निव्वळने ढिगात बोट घालून पाहिलं. मग त्याने विचारलं, अगदी हळू, शिवणवालीला ऐकू जाणार नाही अशा बेताने. अर्थात तिला गेलंच.

“शंभराचं वजन एकदाच करून ठेवलं, आणि तेवढं तेवढं टाकत गेलं तर?”

“मोजा,” बायको आतून म्हणाली.

तो मोजू लागला. सदतीसला त्याला शिंक आली.